जांबोटीचे गार्डसाहेब

जांबोटीला रेल्वे नाही. कधी नव्हती, आणि पुढे चोर्ल्याचा घाट ज्या तऱ्हेने उभा आहे ते पाहता एवढ्यात येईल असंही नाही. जवळचं स्टेशन खानापूर, ते वीसेक किलोमीटरवर. बेळगावहून गोव्याला जाणारा रस्ता गावातून जातो. त्यावर बसगाड्या, वडाप आणि सुट्टीच्या दिवशी गोव्याकडे सुसाट सुटलेल्या मोटारी. अशा गावात रेल्वेचा तज्ज्ञ निपजावा हे अगदी साहजिक आहे. खानापूर-लोंढ्याची माणसं रोज गाडी बघतात. त्यांच्या लेखी रेल्वे म्हणजे उशीर, गर्दी आणि भडंगवाला. रेल्वेविषयी काही उदात्त मत बाळगायचं असेल तर रूळ निदान वीस किलोमीटर लांब हवेत. निपाणीलाही रेल्वे नाही. तिथे असे किती जण असतील देव जाणे.

गार्डसाहेब रेल्वेत कधीच नव्हते. त्यांची पिठाची गिरण आहे. 'गार्डसाहेब' हे नाव गावाने चेष्टेत ठेवलं, आणि त्यांनी ते इतक्या गांभीर्याने घेतलं की आता लग्नपत्रिकाही त्याच नावाने येतात. पट्टा चालू झाला की गिरणीची जमीन थरथरते, वरचे पत्रे थरथरतात, भिंतीवरचा दत्ताचा फोटो थरथरतो. त्या थरथराटात जन्म काढलेल्या माणसाला 'प्रवाशाची सुखसोय' या विषयाची ओढ लागली, यात नवल नाही. शिवाय दळण होईपर्यंत गिऱ्हाइकाला जाता येत नाही. तांदूळ लवकर होतो, नाचणीला वेळ लागतो, आणि डबे किती आहेत त्यावरही असतं. त्या हिशेबाने ते विषय निवडतात. एक डबा तांदूळ असेल तर वंदे भारतच्या खुर्च्या. एलएचबी डबे चालताना मऊ पण सुटताना मानेला हिसका का देतात, हे दोन डब्यांचं काम. २००६ साली निघालेल्या गरीब रथात बाजूच्या दोन बर्थच्या मध्ये जो तिसरा बर्थ कोंबला होता, त्याचा विषय निघाला तर ते गिरण बंद करूनच बोलतात. आणि घरी कार्य असल्यामुळे कुणी पोतंभर नाचणी आणली, तर मग झुकणारी गाडी.

झुकणारी गाडी हे त्यांचं आयुष्य आहे.

"हे बघ, तू सायकल मारूलालास आणि वळण आलं. अंग कुठे जातं? आत. तुला कोण सांगितलं काय तसं कर म्हणून? आणि रेल्वेत बसलास की वळणावर अंग कुठे जातं? बाहेर. शेजाऱ्याच्या खांद्यावर. का?"

समोरचा गप्प असतो. पीठ पडत असतं.

"म्हणून रूळ टाकतानाच वळणावर बाहेरचा रूळ उचलून ठेवतात. आपल्या ब्रॉडगेजला जास्तीत जास्त १६५ मिलिमीटर. वीतभरसुद्धा नाही."

इथे एखादा सज्जन हमखास म्हणतो, "मग अजून उचलायचा की ओ." गार्डसाहेब त्याचीच वाट बघत असतात. मग मार्मागोव्याच्या बंदरातून कोळसा घेऊन घाट चढणारी मालगाडी गिरणीत शिरते. रूळ एकच, त्यावरून एक्स्प्रेसही धावणार आणि ही मालगाडीही रांगणार. बाहेरचा रूळ एक्स्प्रेसच्या बेताने उचलला तर रांगणारीचा सगळा भार आतल्या रुळावर येऊन तो झिजतो. मालगाडीच्या बेताने ठेवला तर एक्स्प्रेसने वळणावर वेग तरी कमी करायचा, नाहीतर प्रवाशांनी एकमेकांच्या अंगावर पडायचं. रुळाने कुणाकुणाची मर्जी सांभाळायची? तेव्हा रूळ आहे तिथेच राहू दे, डबाच आत झुकू दे. ही युक्ती जपानने १९७३ साली नागोया-नागानो मार्गावर चालवून दाखवली. इटलीत १९७६ साली पहिली पेंडोलिनो धावली, आणि पुढच्या पेंडोलिनो तर आठ अंशांपर्यंत कलू लागल्या. ही आठ अंशांची बाब सांगताना गार्डसाहेब स्वतः आठ अंश कलतात. गिऱ्हाईकही कलतं. बाहेरून जाणाऱ्याला वाटतं, गिरणीत काहीतरी पडलंय आणि सगळे मिळून शोधूलालेत.

एवढं ज्ञान त्यांनी कुठून गोळा केलं याचा पत्ता लागत नाही. बेळगावच्या रद्दीवाल्याकडून इंजिनिअरिंगची जुनी पुस्तकं किलोवर आणतात हे खरं. इंग्रजी त्यांना बेताचंच येतं, पण आकृत्या येतात. आणि आता मोबाइल आहेच. आपल्याकडे माणूस दहावीला गणितात अडकतो आणि पन्नाशीनंतर त्याच गणिताच्या प्रेमात पडतो. अशांची संख्या सरकारने एकदा मोजायला हवी.

विलायतेची कथा ते सर्वांत शेवटी ठेवतात. ब्रिटिश रेल्वेने मोठा खर्च करून झुकणारी गाडी बांधली. डिसेंबर १९८१ मध्ये लंडन-ग्लासगो मार्गावर ती लोकांसाठी सोडली, आणि पहिल्याच फेरीला पत्रकार बसवले. पत्रकारांना मळमळलं. आदल्या रात्री त्यांनी फुकटची प्यायली होती म्हणून, असं पुढे काही जण सांगत राहिले. ते काही असो, दुसऱ्या दिवशी छापून काय यायचं ते आलं. त्यात कडाक्याची थंडी, त्यात यंत्रणेचे बिघाड. गाडी गुंडाळली. हे सांगताना गार्डसाहेबांचा आवाज घरचं माणूस गेल्यासारखा होतो. "आणि शेवटी काय केलं? ते पेटंट इटलीच्या फियाटला विकलं. आणि २००२ पासून त्याच मार्गावर पेंडोलिनो चालवूलालेत. आपलंच पीठ देऊन दुसऱ्याकडून भाकरी विकत घेतल्यागत!"

आता मळमळलं का, हा या विषयातला खरा गाभा, आणि इथे वैनी येतात. गिरणीच्या मागच्या दाराला लागूनच घर आहे, त्यामुळे सगळी व्याख्यानं त्यांना पाठ आहेत. शास्त्र असं सांगतं: गाडी वळणाच्या बेताने पुरेपूर झुकली, तर आत बसलेल्याच्या अंगाला वळण कळतच नाही. पोटाला वाटतं आपण सरळ चाललोय. आणि डोळे खिडकीतून बघतात तर शेतं, झाडं, सगळी धरणी तिरकी उभी. तोल सांभाळणारा कान एक सांगतो, डोळा दुसरं, आणि निवाडा पोटाकडे जातो. विलायतेच्या गाडीत हेच झालं होतं. झुकणं फार अचूक होतं. त्यावर शास्त्रज्ञांनी तोडगा काढला की गाडी पुरेपूर झुकवायचीच नाही. वळणाचा दोनतृतीयांशाच्या आसपास भाग झुकून भरून काढायचा, उरलेला प्रवाशाच्या अंगाला जाणवू द्यायचा. थोडं ढकललं गेलं की पोटाला कळतं, वळण आहे, आणि ते शांत बसतं.

गार्डसाहेब हे सगळं समजावून श्वास घेतात तेवढ्यात आतून आवाज येतो, "मग ते चोर्ल्याच्या बसमध्ये तुम्हाला का कळत नाही ओ पोटाला?"

कारण गार्डसाहेबांना गाडी लागते.

हे सत्य गावाला माहीत आहे, पण गिरणीत कुणी काढत नाही. बेळगावकडे जाताना त्यांना काही होत नाही. कणकुंबी सोडून बस घाटाला लागली की मात्र जगातला झुकत्या गाड्यांचा हा एवढा मोठा जाणकार खिशात आमसुलं, मुठीत लिंबू आणि मांडीवर पिशवी घेऊन डोळे मिटून बसतो. बस बाहेरच्या बाजूला झुकते, हीच तर त्यांची मूळ तक्रार. "उलटी झुकते बघ," असं ते पूर्वी म्हणत. पुढे या वाक्याचा गावात भलताच अर्थ निघायला लागला म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. वैनींचा उपाय साधा आहे. त्या शेजारी बसून कोपर मारतात, "डोळे उघडा. खाली बघू नका. लांब बघा, तिकडे, डोंगराकडे." डोळ्याला आणि कानाला एकच साक्ष द्यायला लावायची, ही तीच गोष्ट जी शास्त्रज्ञांना यंत्रांनी साधायला वर्षं लागली. वैनींनी एकही आकृती बघितलेली नाही. हे मी एकदा गार्डसाहेबांना म्हटलं. ते म्हणाले, "ती सांगती ते बरोबर आहे. पण तिला ते का बरोबर आहे ते ठाऊक नाही." आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

मधल्या काळात त्यांनी गावातल्या वाहनांना गुण द्यायला सुरुवात केली होती. स्पर्लिंग नावाच्या एका जर्मनाने गाडीच्या हेलकाव्यांना आकडा देण्याची रीत काढली. आपली रेल्वेही तिच्यावरच डबे तपासते. आकडा जितका लहान तितकं सुख जास्त. एक म्हणजे हेलकावा जेमतेम जाणवतो, दोनला नीट जाणवतो, तीनला सोसवतो, साडेतीनला जीव वैतागतो, चारला शरीराला अपाय. प्रवासी डबा सव्वातीनच्या आत असावा, साडेतीन ही हद्द. हे शास्त्र गार्डसाहेबांनी पूर्वसूचना न देता जांबोटीत लागू केलं. एका मेंबरच्या कोऱ्या करकरीत जीपमध्ये बसून ते उतरले आणि भर रस्त्यात म्हणाले, "दोन." मेंबर पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलला नाही. कर्ज काढून घेतलेली गाडी, आणि दोन मार्क! उलट एका टेम्पोवाल्याला त्यांनी चार दिले. तो इतका खूश झाला की त्याने टेम्पोच्या मागे '४ मार्क' असं रंगवून घेतलं, आणि त्या सालच्या सगळ्या वराती त्यालाच मिळाल्या. गार्डसाहेबांनी खुलासा करायचा प्रयत्न केला. पण ज्या शास्त्रात चार मार्कांचा दोन मार्कांच्या खाली जातो, ते शास्त्र गावाने ऐकून घ्यायला साफ नकार दिला.

प्रत्यक्ष रेल्वेप्रवास ते वर्षातून एखाददुसरा करतात. बहीण कुळ्याला दिलेली आहे. खानापूरला गाडी धरायची, लोंढा, तिनईघाट, कॅसलरॉक, मग घाट उतरून कुळे. बस टाळायचं हेही एक कारण असणार, पण ते कारण सांगत नाहीत. या प्रवासाला त्यांच्यासोबत गवंड्याचा ओळंबा असतो आणि नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक. वरच्या बर्थच्या साखळीला ओळंबा टांगायचा, मागे कोनमापक धरायचा आणि वहीत टिपणं करायची. गाडी वळणावर बेताच्या वेगाने जात असेल तर ओळंबा डब्याच्या हिशेबाने सरळ राहतो. वेग जास्त असेल तर तो वळणाच्या बाहेर सरकतो, कमी असेल तर आत. गाडी वळणावरच उभी राहिली तर बाहेरचा रूळ किती उचललाय तेच तो दाखवतो. पदार्थविज्ञानाचा इतका स्वस्त आणि इतका बिनचूक धडा मी दुसरा पाहिलेला नाही.

प्रवाशांना तो तसा वाटत नाही. एकदा समोरच्या बाईंनी पोराला कुशीत ओढून घेतलं. त्यांना वाटलं, हा भूत काढणारा आहे. एकाने आपल्या हरवलेल्या म्हशीचा ठावठिकाणा विचारला. रेल्वे पोलिसाने दोरीला लोंबणारं लोखंड बघून कडक आवाजात चौकशी केली. गार्डसाहेबांनी त्याला खाली बसवून घेतलं. कॅसलरॉक गेलं, घाट सुरू झाला, गाडी एका वळणावर थांबली. पोलीस अजून बसलेला. दोन-तीन अंश आत झुकलेला ओळंबा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. उतरताना म्हणाला, "म्हणजे साहेब, माझी कंबर दुखते ती यामुळेच का?" गार्डसाहेबांनी त्याला होय म्हणून सांगितलं. विज्ञानाच्या प्रसारासाठी माणसाला थोडं खोटं बोलावं लागतं.

गंमत अशी की झुकत्या गाडीचा उपयोग त्या घाटात शून्य आहे. पोर्तुगीज अमलात, १८८० च्या दशकात मार्मागोवा बंदर लोंढ्याच्या बाजूला जोडण्यासाठी हा ब्रगांझा घाट काढला. दर ३७ फुटांना एक फूट चढ. तिथे गाडीचा वेग वळणाने अडत नाही, उताराने अडतो. उतरताना ब्रेकच्या भरवशावर हळूहळूच यावं लागतं. चढताना जास्तीची इंजिनं लावतात. अशा वेगाने जाणारी गाडी झुकवून काय मिळणार? आणि दुसऱ्या बाजूला कोकण रेल्वे, १९९८ साली पूर्ण झालेली. तिने डोंगर फोडून, बोगदे काढून वळणंच एवढी मोठी ठेवली, १२५० मीटर त्रिज्येची, की झुकण्याची गरज फारशी उरू नये. झुकती गाडी असते ती मधल्या मार्गांसाठी: जुना, वळणावळणाचा, पण धावता येईल असा. म्हणजे गार्डसाहेबांच्या आसपासच्या दोन्ही प्रसिद्ध मार्गांना त्यांची गाडी नको. हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण प्रेमात पडलेल्या माणसाला मुलगी आपल्या गावची नाही हे सांगून काय उपयोग!

आणि आशेला जागा मिळतच गेली. २०१६ साली स्पेनची टॅल्गो चाचणीसाठी भारतात आली. तिचे डबे वरून टांगल्यासारखे असतात, वळणावर आपोआप आत कलतात, मोटार नाही काही नाही. दिल्ली-मुंबई अंतर तिने बारा तासांच्या आत कापून दाखवलं. गार्डसाहेबांनी गिरणीत पेढे वाटले. टॅल्गो परत गेली. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडशी रेल्वे सहकार्याचा करार झाला, त्यात झुकत्या गाड्यांचं नाव होतं, पुन्हा पेढे. २०२२ च्या नोव्हेंबरात बातमी आली की २०२५-२६ पर्यंत शंभर वंदे भारत झुकत्या बांधणार. ते कात्रण दत्ताच्या फोटोखाली चिकटवलेलं आहे, आणि आता त्यावर पिठाचा इतका थर बसलाय की नुसतं 'शंभर' वाचता येतं. त्याच वर्षी रेल्वेमंत्र्यांनी १८० च्या वेगात न हिंदकळलेला पाण्याचा पेला दाखवला, तो व्हिडिओ पोरांनी त्यांना कौतुकाने आणून दाखवला. "सरळ रुळावर माझी म्हैससुद्धा पेला सांडत नाही," ते म्हणाले. "वळणावर दाखवा म्हणावं."

स्वित्झर्लंडच्या रेल्वेनेच २०२२ मध्ये आपल्या नव्या दुमजली गाड्या वळणांवर जोरात पळवण्याचा बेत सोडून दिला, ही बातमी मीच त्यांना दिली. त्यांना धक्का बसेल म्हणून जरा जपून दिली. त्यांनी दळणाचं झाकण उघडून पीठ बोटाला लावून बघितलं. "दुमजली आहे ते," म्हणाले. "माडी कशी झुकणार?"

सप्टेंबर २०२४ मध्ये बेळगाववरून जाणारी पुणे-हुबळी वंदे भारत सुरू झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये बेळगाव-बंगळूर. लोंढा-बेळगाव-घटप्रभा दुहेरी मार्ग त्याआधी २०२३ मध्ये झालाच होता. गार्डसाहेब इस्त्रीचे कपडे घालून बेळगाव स्टेशनवर गेले. गाडी आली. त्यांनी ती नाकापासून शेवटच्या दारापर्यंत बघितली, वाकून चाकं बघितली, आतल्या खुर्च्या काचेतून बघितल्या. मुलाने पुण्याची दोन तिकिटं काढली होती. ती त्यांनी रद्द करायला लावली. का, तर झुकत नाही. "जिची वाट बघितली तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न करायचं काय?" वैनी स्टेशनवरच बसून राहिल्या. त्यांना पुण्याला लेकीकडे जायचं होतं, आणि गाडी झुकते की नाही याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. शेवटी त्या मुलाबरोबर गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या, खुर्ची चांगली होती, उपमा गार होता. गार्डसाहेबांनी विचारलं, "कान?" त्या म्हणाल्या, "जागेवर आहेत."

यंदा त्यांनी अर्जाचं मनावर घेतलं. बेळगाव-जांबोटी-चोर्ला-गोवा असा नवा रेल्वेमार्ग व्हावा आणि त्यावर झुकती गाडी सोडावी. एक प्रत हुबळीला कानडीत, एक मुंबईला मराठीत, एक दिल्लीला हिंदीत. आमच्या भागात नुसती मागणी करून भागत नाही, ती तीन भाषांत तंतोतंत सारखी असावी लागते. गिरणीत बैठक बसली. इंजिनिअरिंगला असलेल्या एका पोराने पहिलाच घोळ घातला. म्हणाला, "काका, नवा मार्ग टाकायचाच तर सरळ बोगद्यांतून टाकतील. कोकण रेल्वेसारखा. मग झुकायचं कशाला?"

गिरण बंद होती, त्यामुळे शांतता फार जाणवली.

"सरळ?" गार्डसाहेब म्हणाले. "जांबोटीतून?" आणि त्यांनी अर्जात पाचवं कलम घातलं: मार्ग टाकताना वळणं ठेवण्यात यावीत. जगात कुठल्याही रेल्वेकडे कुणी अशी मागणी केली असेल असं वाटत नाही. सहावं कलम: गाडी दोनतृतीयांशच झुकवावी, पुरेपूर झुकवू नये. हे वैनींनी घालायला लावलं.

मग थांब्याचा विषय निघाला. गार्डसाहेबांचं मत स्पष्ट होतं. झुकून झुकून गाडी जी मिनिटं वाचवणार, ती ब्रेक मारून, उभं राहून, पुन्हा वेग घेऊन एकेका स्टेशनात घालवायची असतील तर झुकायचं कशाला? बेळगाव सुटली की थेट गोवा. तज्ज्ञ म्हणून हे मत निर्विवाद होतं. त्यावर मेंबर म्हणाला, "म्हणजे जांबोटीला थांबणार नाही?" टेम्पोवाला म्हणाला, "मग आम्ही सह्या कशावर करूलालोय?" मागून कुणीतरी म्हणालं, कणकुंबीवाल्यांनी त्यांच्या थांब्यासाठी आमदाराला गाठलंसुद्धा. मलप्रभेचा उगम आहे तिथे, त्यांना लगेच मिळणार. इथे सगळी गिरण एकदम बोलू लागली. कणकुंबीला थांबणार आणि जांबोटीला नाही? आठवड्याचा बाजार कुठे भरतो? पोस्ट कुठे आहे?

गार्डसाहेब बराच वेळ पोत्यावर बसून होते. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पोराला म्हणाले, "लिही. कलम सात. जांबोटी, दोन मिनिटं."

"आणि कणकुंबी?" पोराने विचारलं.

"तिथे कशाला? ते वळणावर आहे. वेग जाईल की गाडीचा."